माझं गाऱ्हाणं मीच घातलं

माझ्या तोंडाचा डावा भाग अस्वलानं नेला त्याला आता सात वर्षं झाली. डावा डोळा नाही. गालाच्या हाडाच्या जागी डॉक्टरांनी बसवलेली पट्टी आहे. ओठ एका बाजूला असे ओढले गेलेत की पाणी पिताना थोडं गळतंच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी त्याचीच वाट बघत बसणार नाही. मला सांगायचंय ते वेगळं आहे. त्यानंतर गावानं मला देवाची माफी मागायला सांगितलं आणि मी ती मागितली नाही, ते सांगायचंय.

आमचं गाव कर्नाटकात, जोयडा तालुक्यात, दिग्गीकडं जाणाऱ्या रस्त्यावरून आत. अठरा घरं, तीही एकत्र नाहीत. या टेकाडावर दोन, त्या ओढ्यापलीकडं तीन, मधे रान. मी गावच्या अंगणवाडीची बाई. माझं माहेर रामनगरजवळचं, तिथल्या मराठी शाळेत शिकले म्हणून लिहायचं धाडस करते आहे. नवरा भात लावतो आणि उरलेल्या दिवसांत फॉरेस्टच्या कामावर जातो. मुलगा गोव्यात असतो. आमच्याच अंगणाच्या दुसऱ्या बाजूला माझी थोरली जाऊ राहते. दीर वारले तेव्हा ती तिशीचीही नव्हती. मूलबाळ नाही. मी तिला अक्का म्हणते.

त्या वर्षी आमच्यात अबोला होता. कारण सांगायला लाज वाटते. अंगणाच्या कडेला फणसाचं झाड आहे, त्याच्या एका फांदीचे फणस कुणाचे यावरून. सहा महिने आम्ही कामापुरतं बोलत होतो, तेही एकमेकींकडं न बघता. पण रानात एकटीनं कुणी जात नाही. पावसाआधी तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेत जाळायला पालापाचोळा लागतो, तो आणायला बायका जोडीनं जातात. अंगणवाडीला सुट्टी होती. तिनं डालगं उचललं, मी माझं उचललं, आणि आम्ही न बोलता निघालो.

ती माझ्यापुढं वीसेक पावलं होती. मी वाकून पाला ओढत होते. वारुळाच्या मागून फुरफुरल्यासारखा आवाज आला. मला वाटलं गवा असेल. मान वर केली तर अस्वल दोन पायांवर उभं होतं, हातभर अंतरावर, आणि त्याच्या पाठीला पिल्लू चिकटलेलं. त्यापुढचं तुटक तुटक आठवतं. दुखलं असं आठवत नाही. गरम वाटलं. तोंडात केस आले, आणि ओल्या कांबळ्यासारखा वास.

बाकीचं अक्कानं मला कधीच सांगितलं नाही. नवऱ्यानं तिच्याकडून थोडं थोडं काढून घेतलं आणि मला सांगितलं. ती पळाली नाही. रिकामं डालगं तिनं अस्वलाच्या तोंडावर घातलं आणि वरून कोयतीनं मारत राहिली. अस्वल तिच्यावर उलटलं, तिच्या उजव्या हाताचं मांस कोपरापासून मनगटापर्यंत फाडलं, आणि मग का कोण जाणे, वळून खाली ओढ्याकडं निघून गेलं. अक्कानं स्वतःचं लुगडं सोडलं, ते माझ्या तोंडाला गच्च गुंडाळलं आणि मला अर्धं पाठीवर, अर्धं ओढत डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. तिथं एक जीप मिळाली.

गावात पुढं जे जे बोललं गेलं त्यात हेही होतं, की विधवा बाई नुसत्या परकरावर रस्त्यावर आली.

बेळगावच्या दवाखान्यात मी दोन महिने होते. पहिले काही आठवडे नाकातून नळी होती, बोलता येत नव्हतं, आणि ते एका अर्थानं बरं झालं, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगत होता आणि उत्तर द्यायची सोय नव्हती. माझी मावशी आली आणि म्हणाली, "देवानंच वाचवलं बघ. नशीबवान हायस." मी पट्ट्यांच्या आतून तिच्याकडं बघत राहिले. नशीबवान. जिच्या तोंडावर अस्वल येत नाही तिला काय म्हणतात मग?

मी देवाशी बोलायचं बंद केलं होतं. लहानपणापासून मी रोज सकाळी त्याच्याशी बोलायची, मोठं काही नाही, आज ऊन पडू दे, पोराला ताप नको, असलं. दवाखान्यात ड्रेसिंगच्या वेळी शेजारच्या खाटेवरची बाई देवाचं नाव घेत ओरडायची. मी ओरडले तेव्हाही नाव घेतलं नाही. मला वाटायचं, तू तिथंच होतास ना. रान तुझं, वारूळ तुझं, अस्वल तुझं. बघत होतास. मग आता गप्प बस.

आणि तो गप्प बसला. मीही.

नळी काढली त्या आठवड्यात अक्का आली. तिच्या हाताला अजून पट्टी होती. दिग्गीच्या बाजूनं सकाळची पहिली बस धरून, दोनदा गाडी बदलून ती आली होती, आणि स्टीलच्या डब्यात घरच्या तांदळाची पेज आणली होती. ती काही बोलली नाही. आमचा अबोला अजून मोडलेला नव्हता, म्हणजे मोडायला वेळच मिळाला नव्हता. तिनं डावा हात वापरून चमचा भरला आणि माझ्या ओठांच्या चांगल्या बाजूनं आत सोडला. अर्धी पेज हनुवटीवर आली. तिनं पदरानं पुसली आणि दुसरा चमचा भरला.

त्या दुसऱ्या चमच्याला मला मीठ लागलं.

कित्येक दिवसांत तोंडाला औषधाशिवाय कसलीच चव लागली नव्हती. जीभ गेली की काय असं मला वाटायला लागलं होतं. आणि ते मीठ आलं, आणि त्याच्या मागून तांदळाचा आमच्या शेतातला वास आला. माझ्या तोंडून "देवा" निघालं. कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. मला ते म्हणायचंही नव्हतं. मी त्याच्यावर रागावलेलीच होते आणि रागात असतानाच ते निघालं. आवाज असा आला की अक्कानं विचारलं, "पाणी पायजे?"

मी मान हलवली. म्हटलं, "मीठ लागलं."

"जास्त झालं?"

"न्हाई. बरोबर हाय."

एकमेकींकडं बघत केलेलं आमचं कितीतरी महिन्यांतलं पहिलं बोलणं ते.

त्या दिवसापासून मी पुन्हा देवाशी बोलायला लागले, पण पूर्वीसारखं नाही. पूर्वी मी मागत होते. आता काय मागणार? जे आलं ते नुसतं मोजून घ्यायला लागले. आज उजव्या डोळ्यानं खिडकीबाहेरचं झाड नीट दिसलं. आज मान वळली. आज कुशीवर झोप लागली. प्रत्येकाला मनात म्हणायचं, मिळालं. रागही होताच. दोन्ही एका जागी राहू शकतात हे मला दवाखान्यात कळलं.

घरी आले तेव्हा पाऊस निम्मा संपला होता. बघायला सगळं गाव आलं. बायका माझ्याकडं बघायच्या, मग खाली बघायच्या, मग रडायच्या. मी रडत नाही म्हणून त्यांना अवघडायचं. हळूहळू माझ्या कानावर आलं की गावानं कारण शोधून काढलं होतं.

आमचा देव म्हणजे रानातला एक दगड. वर छप्पर नाही, भोवती जुनी झाडं, आणि त्या रानातली काटकीसुद्धा कुणी तोडत नाही. आदल्या दिवाळीनंतर मी अंगणवाडीची मुलं तिथं नेली होती, झाडं दाखवायला. एका लेकराला लघवी लागली आणि मी थांबवायच्या आत ते तिथंच उरकून मोकळं झालं. मुलं घरी जाऊन हसत हसत सांगणारच, त्यांनी सांगितलं. तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. आता सगळ्यांना ते आठवलं. देवाचं रान बाटवलं, देवानं आपलं जनावर धाडलं. आणि वर हेही, की देव दयाळू म्हणून जीव ठेवला. म्हणजे मारायला धाडलं त्यानंच आणि वाचवलं त्यानंच, आणि दोन्हीत अक्का कुठंच नाही. अक्काच्या वाट्याला एवढंच आलं, की तिनं मला त्या बाजूला नेलं कशाला.

कापणी झाल्यावर देवापुढं गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडं वर्षातून एकदा गाव जमतं, आणि काही विशेष घडलं असेल तर त्या घरानं नारळ घेऊन पुढं यायचं. गाऱ्हाणं घालायचा मान एका घराकडं आहे. त्या घरातले म्हातारे मामा देवाशी मोठ्यानं बोलतात, घरानं काय चुकलं, काय पाहिजे ते सांगतात, आणि प्रत्येक वाक्यानंतर गाव "व्हय म्हाराजा" म्हणतं. मामा चांगला माणूस. माझ्या लग्नात त्यांनीच मांडव घातला होता. आदल्या दिवशी ते घरी आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "पोरी, घाबरू नको. तू नुसती हात जोडून उभी ऱ्हा. माफीचं मी बघतो."

मी म्हटलं, "कशाची माफी, मामा?"

ते म्हणाले, "आसतं काय तरी. माणसाचं काय तरी चुकतंच."

मी चहा ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. पुरुष पुढं, बायका मागं, आणि विधवा बायका त्याही मागं, एका मोठ्या झाडाच्या मुळांवर. अक्का तिथं जाऊन बसली, तिची नेहमीची जागा. मला पुढं बोलावलं. मी नारळ घेऊन नवऱ्याशेजारी उभी राहिले. डोक्यावर पदर होता, बायकांनी तो डाव्या बाजूनं पुढं ओढून दिला होता, तो देवाला दिसू नये म्हणून की लोकांना, ते मला माहीत नाही.

मामांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, रानाच्या धन्या."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"तुझं लेकरू तुझ्या पायाशी उभं हाय."

"व्हय म्हाराजा."

"कळत न्हकळत ह्या लेकराच्या हातनं तुझ्या रानात जी चूक घडली आसल..."

"न्हाई," मी म्हणाले.

माझं बोलणं तेव्हा नीट स्पष्ट नव्हतं, तरी तो शब्द सगळ्यांना कळला. मामा थांबले. ते कधी मधेच थांबलेले कुणी पाहिले नव्हते. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं नाही, जमिनीकडं बघितलं.

"काय झालं गे?" मामांनी विचारलं.

"मामा, माझ्या हातनं चूक घडली न्हाई. मी पोरांना झाडं दाखवाय आणलं व्हतं. लेकराला मुतायला लागलं तर देव रागावत न्हाई. रागावत आसल तर त्येचीच चूक हाय."

मागून एक बाई म्हणाली, "तोंड गेलं, पर जीभ काय गेली न्हाई हिची."

ती खरं तेच बोलली होती. मी तिच्याकडं वळून म्हणाले, "व्हय. जीभ हाय. त्येचंच तर सांगाय आले."

मामांना काय करावं कळेना. ते रागावले नव्हते, हे मला आजही सांगायला हवं. ते गोंधळले होते. म्हणाले, "मग मी काय घालू? माफीचं घालायचं न्हाई तर काय मागायचं?"

"काय मागायचं न्हाई. आभाराचं घाला."

"आभाराचं मला येत न्हाई पोरी. आमच्या आज्यानं घातलं न्हाई, बानं घातलं न्हाई."

"मग मी घालते."

बाईनं गाऱ्हाणं घातलेलं आमच्या गावात कुणाला आठवत नाही. कुणीतरी "बास झालं" म्हणालं. कुणीतरी नवऱ्याला म्हणालं, "तिला गप्प कर की." नवऱ्यानं डोकं खाजवलं. त्याला मी वीस वर्षं ओळखते. तो माझ्या बाजूनं बोलला नाही, पण तो बाजूलाही सरकला नाही. मी डोक्यावरचा पदर मागं घेतला. तोंड उघडं केलं. म्हटलं, बघायचंय त्यांनी बघून घ्यावं, देवानंही.

मी काय बोलले ते मला जवळजवळ शब्दाशब्दानं आठवतं, कारण मी फार हळू बोलत होते. भरभर बोललं की ओठातून लाळ गळायची.

"बा देवा म्हाराजा, मी तुझ्या दारात उभी हाय. अस्वल तू धाडलंस आसं मी म्हणत न्हाई. त्येला पिल्लू व्हतं, ते आपल्या पिल्लासाठी आलं."

कुणी "व्हय म्हाराजा" म्हणालं नाही.

"तू मला वाचवलंस आसं हे समदे म्हणत्यात. मला ठावं न्हाई. मला माझ्या अक्कानं वाचवलं. ती पळाली न्हाई. तिला उभं ऱ्हायाचं बळ तू दिलं आसशील तर तुझे आभार. न्हाई दिलं आसशील तर तिचे आभार, आणि तू आईक."

मग माझ्या शेजारून आवाज आला, "व्हय म्हाराजा." मामांचा. आयुष्यभराच्या सवयीनं आला की मनापासून, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. पण एकदा मामांनी म्हटल्यावर आणखी चार-पाच जणांना म्हणावं लागलं.

"मला एक डोळा हाय. पेजेतलं मीठ मला कळतंय. माझं शेत पिकलं. माझी पोरं सोमवारी अंगणवाडीत येणार हाईत. ह्या समद्याचे आभार. मला आणिक काय नको, आणि माफीबी नको."

"व्हय म्हाराजा."

मी नारळ फोडला. पहिला तुकडा मान असलेल्या घरातल्या पुरुषाला द्यायचा असतो. मी तो घेतला आणि मागं चालत गेले, पुरुषांमधून, बायकांमधून, झाडाच्या मुळांपर्यंत, आणि अक्कासमोर धरला.

तिनं तो घेतला नाही. माझ्याकडं अशी बघत होती की फणसाच्या भांडणातही तशी बघितली नव्हती. हळू आवाजात म्हणाली, "मला कशाला मधी ओढलंस? मी हितं बरी व्हते."

"अक्का, घे."

"लोकास्नी बोलायला आणिक एक झालं."

"बोलू देत. घे. हात दुखाय लागला माझा."

तिनं पदर डोक्यावरून नीट केला, मग दुसरीकडं बघत तुकडा घेतला. मला वाटलं ओटीत टाकेल आणि घरी नेईल. पण तिनं तिथंच तोंडात घातला आणि सगळं गाव बघत असताना सावकाश चावून खाल्ला. म्हणाली, "खोबरं चांगलं हाय."

याचे परिणाम झाले नाहीत असं नाही. दोन घरांनी त्या वर्षी आम्हाला लग्नाला बोलावलं नाही. पुढच्या पावसाळ्यात एका घरची गाभण गाय वाघानं नेली आणि त्या घरची बाई झऱ्यावर मला म्हणाली, "तुझ्यापायी देव फिरला." मी तिला सांगितलं, की तुझ्या गायीचं मलाही वाईट वाटलंय, पण वाघ मला विचारून येत नाही. ती महिनाभर बोलली नाही, मग तिचंच लेकरू अंगणवाडीत घालायची वेळ आली आणि बोलायला लागली.

अंगणवाडीचंही सांगते. मी परत कामावर जायला निघाले तेव्हा तिघी आया आल्या होत्या. त्यांचं म्हणणं प्रेमाचंच होतं: मुलं भितील, तू काही दिवस घरी बस, मदतनीस बघेल. मी म्हटलं, मुलं भितील तर मला बघूनच त्यांची भीती जाईल, घरी बसून कशी जाणार? बहुतेक मुलांना दोन दिवसांत सवय झाली. एक लहान मुलगी मात्र आठ दिवस रडली. मी तिला जवळ घेतलं नाही, समजावलं नाही. तिच्याकडं पाठ करून बसायची आणि बाकीच्यांना गाणी म्हणायला लावायची. नवव्या दिवशी ती मागून येऊन माझ्या वेणीशी खेळायला लागली. मी वळले नाही. तिला हवं तेव्हा ती स्वतःच पुढं आली.

पुढच्या वर्षी गाऱ्हाण्याच्या आदल्या दिवशी मामा पुन्हा ओट्यावर आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "यंदा भात बरं आलंय. म्हटलं पहिल्यांदा तेवढं सांगावं देवाला, मग बाकीचं. तू काय म्हणतीस?" मी म्हटलं, सांगा की. त्यांनी सांगितलं. त्यांचे शब्द माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले होते, ओढ्याचं पाणी, गोठ्यातलं वासरू, म्हाताऱ्यांची चालती पावलं, सगळं त्यांनी घातलं. मामा नंतर दोन वर्षांनी गेले. त्यांचा मुलगा गाऱ्हाणं लवकर उरकतो, पण सुरुवात तशीच करतो. विधवा बायका अजून मागंच बसतात. त्यातल्या दोघी पुढं येऊन उभ्या राहायला लागल्या आहेत. अक्का नाही आली. मी एकदा आग्रह केला तर म्हणाली, "मला मुळावर बसायला आवडतं. उभी कोण ऱ्हाणार तासभर."

सकाळी मी आरशासमोर उभी राहते आणि कुंकू लावते. कपाळ डाव्या बाजूला ओढलं गेलंय, त्यामुळं मध्यभाग पूर्वीच्या जागी राहिलेला नाही. तो आता जिथं आहे तिथं लावते. मग अंगणात येऊन देवाशी बोलते. काल काय काय मिळालं ते सांगते. कधी कधी यादी लहान असते. दाताचं दुखणं असेल, पावसात पट्टी ठणकत असेल, तर तेही सांगते, तक्रार म्हणून सांगते, गोड करून नाही. माझी श्रद्धा गरीब गाईसारखी नाही. ती अंगणात उभी राहून बोलते.

म्हणूनच मागच्या हिवाळ्यात जे झालं त्याचा मला राग आला.

कुळगीला आणि आसपासच्या होमस्टेला शहरातली माणसं येतात, जंगल बघायला. त्यातला एक गट, पाच-सहा जण, गावात फिरत फिरत अंगणवाडीत आला. मुलांना बिस्किटं दिली. त्यातली एक बाई मराठी बोलणारी, माझ्याच वयाची, बोलायला चांगली. तिनं माझ्या तोंडाचं विचारलं, मी सांगितलं. गाऱ्हाण्याचंही सांगितलं. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "तुमच्याकडून शिकायला पाहिजे. तुम्ही लोक किती थोडक्यात समाधानी असता. आम्हाला सगळं असून काहीच पुरत नाही."

मी विचारलं, "थोडक्यात म्हणजे?"

ती जरा गोंधळली. "म्हणजे... ही शांतता, हे जंगल. तुम्हाला दुसरं काही नकोच असतं."

"नको कसं? ओढ्यावर साकव पाहिजे."

"साकव?"

"लहान पूल. पलीकडच्या तीन घरांची चार मुलं पावसाळ्यात अंगणवाडीत येतात ती आडव्या झाडावरून. मी आणि त्यांच्या आया दोरी धरून उभ्या राहतो. पेशंट असेल तर झोळीत घालून नेतात. मी समाधानी आहे, बाई, खोटं नाही सांगत. पण माझं समाधान माझं आहे. साकव नसला तरी चालेल, असा त्याचा अर्थ कुणी काढायचा नाही."

मी हे फार तोडून बोलले असं मला नंतर वाटलं. पण तेव्हा तिनं वही काढली आणि साकवाचं लिहून घेतलं, कुठं, किती लांब, कधीपासून. तिचा नंतर एकदा फोन आला होता, गावात रेंज नसते, मी टेकडीवर होते म्हणून लागला. तिनं कुठंतरी पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नव्हतं. मी म्हटलं, माझ्याही अर्जांना नाही आलं, म्हणजे तुम्ही बरोबर जागी पाठवलंय. ती हसली.

साकव अजून झालेला नाही. एकदा मोजायला माणसं आली, खुंट्या मारून गेली, खुंट्या पहिल्या पुरात वाहून गेल्या. या पावसाळ्यातही आम्ही दोरी धरून उभ्या राहिलो. शेवटचं मूल अलीकडच्या काठावर आलं की मी रोज मोठ्यानं म्हणायची, देवा, आभार. पलीकडच्या आयांनाही आता ती सवय लागली आहे, त्या तिकडून "व्हय म्हाराजा" म्हणतात आणि हसतात. मग मुलं आत नेऊन, त्यांचे पाय पुसून, त्यांना उसळ वाढून झाली की मी टेबलाशी बसते. गेल्या आठवड्यात पंचायतीला नवा अर्ज लिहिला. या वेळी कन्नडमधून लिहून घेतला, खाली पलीकडच्या तिन्ही घरांच्या सह्या घेतल्या आणि पोच मागून आणली.